कागदाचा अर्थ सांगणारा माणूस

परीक्षांचे निकाल लागले की खेड्यापाड्यांतील पदवीधरांपुढे 'आता पुढे काय?' हा प्रश्न उभा राहतो. शिक्षकी पेशा, सरकारी कारकुनी, पोलीस भरती, नाहीतर औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी काम, एवढ्याच वाटा त्यांना दिसतात. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे या दृष्टीने नमुन्यादाखल घेण्याजोगे गाव आहे. वेळ नदीच्या काठचे हे जुने नांदते गाव. येथे कला व वाणिज्य शाखांचे महाविद्यालय आहे. जवळच शिक्रापूर, सणसवाडी आणि त्यापलीकडे रांजणगाव येथे कारखाने उभे राहिले आहेत, आणि पुण्याची वाढ पूर्वेकडे सरकत या गावांच्या वेशीला येऊन भिडली आहे. जमिनीचे भाव चढले तसे जमिनीचे कागद वाढले; कारखाने आले तशी करारपत्रे आली. अशा ठिकाणी विधी साहाय्यकाचा, ज्याला इंग्रजी वळणाने पॅरालीगल म्हणतात त्याचा, व्यवसाय एखाद्या सुशिक्षित तरुणाला करता येईल काय आणि त्याचा प्रारंभ त्याने कोठून करावा, याचा विचार करणे अगत्याचे आहे. हा प्रश्न वरकरणी एका नोकरीचा दिसतो. परंतु सामान्य माणूस न्यायाच्या दारापर्यंत वेळेवर पोहोचतो की नाही, हा खरा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचा धडा

कागदाचे सामर्थ्य या तालुक्याला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. १८७४ च्या डिसेंबरात याच शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या बळावर तेथील देशमुखांच्या मालमत्तेवर टाच आणली, आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात असंतोषाला तोंड फुटले आणि त्याचे लोण पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. इतिहासात हे प्रकरण 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखले जाते. त्याचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. जेथे सावकाराने रोखे निमूटपणे हवाली केले, तेथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे त्या कुणब्याला ठाऊक नव्हते. त्या कागदाने आपले शेत जाते, एवढेच त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने कागद जाळला.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयांना दिला, हे सर्वपरिचित आहे. त्यातील आणखी दोन तरतुदींकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावपातळीवरील नोंदणी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली लिहिले जावेत, ही एक. दावा न्यायालयात जाण्यापूर्वी सलोखा घडवून आणणारे मध्यस्थ नेमावेत, ही दुसरी. म्हणजे न्यायाधीश आणि वकील यांच्या अलीकडे, खेड्याच्या पातळीवर, कागद नीट लिहून घेणारा आणि तंटा समजून घेणारा कोणीतरी असावा लागतो, ही गोष्ट परक्या सरकारलाही दंगे झाल्यानंतर का होईना, उमगली होती. आज आपण ज्याला विधी साहाय्यक म्हणतो, त्याचे मूळ या भूमीत असे जुने आहे.

कागद मिळतो, अर्थ मिळत नाही

आता कागद जाळून काही साधत नाही, कारण तो संगणकात आहे. सातबाराचा उतारा घरबसल्या मिळतो, आठ-अ मिळतो, फेरफारही पाहता येतो. ही सोय मोठीच आहे. तथापि उतारा हाती पडणे वेगळे आणि तो उमगणे वेगळे. सातबारावरील 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क किंवा एखाद्या दाव्याची नोंद असते, आणि जमीन घेणाऱ्याची दृष्टी बहुधा क्षेत्र व नाव यांपलीकडे जात नाही. फेरफाराची नोटीस घरी येते, ती देवघराच्या फळीवर पडून राहते, आणि हरकतीची मुदत टळून जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपील करावयाचे तर ६० दिवसांची मुदत आहे. एकसष्टाव्या दिवशी वकिलाकडे गेलेल्या माणसाला, आपला पक्ष सांगण्याआधी विलंब माफ करून घेण्याची झुंज द्यावी लागते.

दुसरे उदाहरण हक्कसोडपत्राचे. वडील वारतात, वारसनोंदीचे काम निघते आणि सासरी गेलेल्या बहिणीला सही करण्यासाठी बोलावणे येते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिच्यापुढे कागद ठेवला जातो आणि भावाच्या प्रेमाखातर ती सही करते. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, हे महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशाने २००५ च्या दुरुस्तीने मान्य केले. २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. बहिणीने हक्क सोडू नये, असे कोणी म्हणणार नाही. तो तिचा प्रश्न आहे. पण आपण काय सोडतो आहोत हे तिला सहीपूर्वी समजले पाहिजे, आणि ते समजावून सांगणारा माणूस भावाने आणलेला नसावा. जेथे गुंठ्याचा भाव लाखांत बोलला जातो, तेथे या एका सहीचे मोल किती, हे सांगावयास नको.

तिसरे उदाहरण व्यापाऱ्याचे. न वटलेला धनादेश बँकेतून परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस पोहोचल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवसांचा अवधी असतो. त्यानंतर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार करावी लागते. या तीन तारखा ज्याच्या वहीत लिहिलेल्या नाहीत, त्याची खरी बाजूही लंगडी पडते. कायद्यात पुष्कळ वेळा माणूस हरतो तो सत्य त्याच्याकडे नसते म्हणून नव्हे, तर तारीख त्याच्या हातून निसटते म्हणून.

प्रारंभ कोठून करावा?

हे काम करू इच्छिणाऱ्या तळेगावच्या विद्यार्थ्याने पहिला धडा स्वतःच्या घरातच गिरवावा. आपल्या शेताचा सातबारा, आठ-अ आणि त्यावरील फेरफार मिळवावेत आणि मागे मागे जात त्यांचा इतिहास लावावा. कोणता फेरफार वारसाचा, कोणता खरेदीचा, कोणता वाटपाचा, बोजा केव्हा चढला व केव्हा उतरला, हे वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवावे. एका घराचे कागद असे वाचता आले की दहा घरांचे वाचता येतात. कोणत्याही पाठ्यपुस्तकात हा धडा इतका नीट शिकावयास मिळणार नाही.

दुसरा धडा शिरूरच्या न्यायालयात. आपल्याकडील न्यायालयांचे कामकाज सामान्यतः खुले असते. मागच्या बाकावर शांतपणे बसून ते कोणालाही पाहता येते. तारीख कशी पडते, साक्ष कशी नोंदवली जाते, अर्ज कोणत्या टेबलावर द्यावयाचा, नकलेचा अर्ज कसा करावयाचा, हे महिन्यातून दोन दिवस जाऊन बसणाऱ्याला वर्षभरात कळून येते. तिसरा धडा हाताचा. मराठी व इंग्रजी टंकलेखन आलेच पाहिजे. जिल्हा न्यायालयांतील कनिष्ठ लिपिकाच्या भरतीसाठी पदवीबरोबरच इंग्रजीचे मिनिटाला ४० व मराठीचे ३० शब्द या वेगाचे प्रमाणपत्र मागितले जाते, हे लक्षात ठेवले तर ही मेहनत दुहेरी उपयोगी पडेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे साधा, मुद्देसूद अर्ज लिहिता येणे. काय घडले, केव्हा घडले, काय मागणे आहे आणि सोबत कोणते कागद जोडले आहेत, एवढे एका पानात सांगता आले पाहिजे. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा आणि आवक क्रमांक व शिक्का यांसह पोच घेतल्याखेरीज कचेरी सोडू नये. सरकारी कचेऱ्यांत काम केलेल्या वाचकांना या एका सवयीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

यानंतर प्रत्यक्ष कामाची दारे उघडतात. पहिले दार वकिलाच्या कारकुनाचे. हा फार जुना व्यवसाय आहे आणि अनेक वकिलांच्या यशामागे त्यांचा कारकून असतो. दुसरे दार विधी सेवा प्राधिकरणाचे. राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद आला आणि आर्थिक दुर्बलतेमुळे कोणी न्यायाला मुकू नये हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यासाठी १९८७ मध्ये झालेला विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याप्रमाणे तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्षपद तेथील ज्येष्ठतम न्यायिक अधिकाऱ्याकडे असते. राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आखली. सेवेतील व निवृत्त शिक्षक, निवृत्त सरकारी कर्मचारी, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे व कायद्याचे विद्यार्थी, बचत गटांतील स्त्रिया अशांमधून स्वयंसेवक निवडावेत असे त्यात सांगितले आहे, आणि शिक्षणाची अपेक्षा दहावीच्या आसपासची आहे. जिल्हा प्राधिकरण वा तालुका समिती अर्ज मागवते तेव्हा अर्ज करावा. निवड झालेल्यांना प्रशिक्षण व ओळखपत्र मिळते. २०११ च्या विनियमांनी गावोगावी विधी सेवा केंद्रांची कल्पना मांडली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या प्रकरणात पोलीस ठाण्यांमध्येही असे स्वयंसेवक असावेत असे सांगितले.

तिसरे दार कारखान्यांचे. करारपत्रे, कामगारविषयक नोंदी, परवान्यांच्या मुदती सांभाळणारा जाणता माणूस रांजणगाव किंवा सणसवाडी येथील कारखान्यांना लागतो. आणि ज्याला या कामात गोडी वाटेल, त्याने पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करून सनद घ्यावी. कागदाच्या मुळाशी जाऊन आलेला वकील आणि केवळ पुस्तकातून आलेला वकील यांतील फरक पक्षकाराला पहिल्या भेटीतच जाणवतो.

कोणत्याही दारातून गेले तरी अभ्यास चालू ठेवावा लागेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि फौजदारी प्रक्रिया व पुरावा यांचे कायदेही बदलले. जुनी कलमे पाठ असणाऱ्यांनाही पुन्हा पाटी पुसून बसावे लागले. नव्याने येणाऱ्याला ही एक अनुकूल गोष्ट आहे, कारण या ठिकाणी सारेच विद्यार्थी आहेत.

मर्यादेची रेषा

या व्यवसायात शिरणाऱ्याने एक रेषा पहिल्याच दिवशी ओळखली पाहिजे. वकिली करण्याचा अधिकार १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने सनद घेतलेल्यांनाच दिला आहे, आणि अधिकार नसताना वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विधी साहाय्यकाने कागद वाचून दाखवावा, मुदत सांगावी, अर्ज लिहून द्यावा, योग्य कचेरीत सोबत जावे. दाव्याचा निकाल काय लागेल हे मात्र सांगू नये, आणि पक्षकाराच्या वतीने न्यायालयात उभे राहू नये. 'हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, आपण वकिलांकडे जाऊ,' हे वाक्य योग्य वेळी उच्चारता येणे ही या कामातील सर्वांत मोठी विद्या होय.

रेषेच्या दुसऱ्या बाजूला दलाल उभा असतो. तहसील कचेरी आणि न्यायालय यांच्या आवारात वावरणारा, 'साहेब आपलेच आहेत' असे सांगणारा हा गृहस्थ कोणाला परिचित नाही? २०२३ मध्ये अधिवक्ता कायद्यात दुरुस्ती करून दलालांच्या याद्या तयार करण्याची तरतूद करावी लागली, यावरून त्याचे प्रस्थ किती आहे हे दिसते. दलाल आणि साहाय्यक दोघेही अडलेल्या माणसाला कचेरीत घेऊन जातात. परंतु दलालाला माणूस अडाणी राहिलेला हवा असतो, कारण त्याचे अडाणीपण हेच याचे भांडवल. साहाय्यकाचे यश उलट असे की, पुढच्या खेपेस तोच माणूस एकटा जाऊ शकला पाहिजे.

लोकन्यायालयाचे उदाहरण घेतले म्हणजे हा फरक अधिक स्पष्ट होईल. लोकन्यायालयात तडजोड झाली की भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि वर्षानुवर्षांचा तंटा एका दिवसात मिटतो. त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. या दोन्ही गोष्टी सहीपूर्वी पक्षकाराला सांगितल्या पाहिजेत. पहिली सांगून दुसरी लपवणारा, तो कितीही गोड बोलला तरी, साहाय्यक नव्हे.

मानधन की वेतन?

आता पोटाचा प्रश्न. विधी स्वयंसेवकाला जे मिळते ते मानधन आहे. ज्या दिवशी काम त्या दिवसापुरते. योजनेने त्याला नोकरी मानलेले नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्या शिक्षकाला ते चालेल. घर चालवावयाचे असलेल्या तरुणाला चालणार नाही. त्याने आज या कामाला वकिलाच्या कारकुनाच्या किंवा अन्य कामाची जोड देणेच शहाणपणाचे ठरेल. कोणी त्याला यापेक्षा मोठी स्वप्ने दाखवीत असेल तर त्याने विश्वास ठेवू नये.

मात्र ही स्थिती अशीच राहावी काय? आपल्या राज्यकर्त्यांना 'मानधन' हा शब्द फार प्रिय आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविका मानधनावर, २००५ पासूनच्या आशा कार्यकर्त्या मानधनावर, २००० मध्ये आलेले शिक्षण सेवकही मानधनावर. सेवाभावाचा गौरव करावयाचा आणि त्या गौरवाच्या आड वेतनाचा प्रश्न झाकावयाचा, ही रीत आता पुरे झाली. ज्याला सरकार वेतन देत नाही तो एक तर काम सोडतो, नाहीतर अडलेल्या माणसाच्या खिशाकडे पाहू लागतो, आणि मग साहाय्यकाचा दलाल व्हावयास वेळ लागत नाही. तेव्हा वेतनाची मागणी ही या कामाच्या शुद्धतेचीच मागणी आहे.

तळेगाव ढमढेऱ्यासारख्या प्रत्येक मोठ्या गावात, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या एका खोलीत, आठवड्याचे ठरलेले दिवस बसणारा, परीक्षा देऊन निवडलेला, नियमित वेतन घेणारा आणि तालुका समितीला जबाबदार असणारा एक विधी साहाय्यक नेमावयास काय हरकत आहे? पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या आपल्याहून कितीतरी गरीब देशाने २०१२ च्या कायद्यात प्रत्येक पारंपरिक टापूसाठी किमान एक विधी साहाय्यक असावा अशी तरतूद केली. ब्रिटनमध्ये १९३९ साली, महायुद्धाला तोंड लागताच, नागरिकांना सल्ला देणारी केंद्रे उघडली गेली आणि ती युद्धानंतरही टिकली. आपल्याकडे कायदा आहे, समित्या आहेत, शिकलेली मुले आहेत. उणीव आहे ती नियमित वेतनाच्या एका पदाची.

वकील मंडळींना यात आपल्या व्यवसायावर आक्रमण दिसण्याचा संभव आहे. ती भीती निराधार आहे. आज बहुसंख्य माणसे वकिलाकडे जातात ती उशिरा, अपुरे कागद घेऊन आणि अर्धवट माहितीवर. साहाय्यक त्यांना वेळेवर आणि तयारीनिशी वकिलाकडे पाठवील. शिवाय स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतील माणसे आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. रांजणगावच्या कारखान्यातून अचानक काढून टाकलेल्या किती कामगारांना आपण या यादीत आहोत हे ठाऊक असेल? हक्क पुस्तकात आहे आणि माणूस फाटकाबाहेर उभा आहे. या दोहोंची गाठ घालून देणारे कोणी तरी हवे.

सरकार ते पद निर्माण करील तेव्हा करील. तोपर्यंत शिक्षकांनी आपल्या वर्गात सातबारा वाचण्याचा एक तास घ्यावा. निवृत्त कारकुनांनी अर्जलेखनाची आपली विद्या चार मुलांना द्यावी. विद्यार्थ्यांनी सुट्टीचे काही दिवस शिरूरच्या न्यायालयात काढावेत. १८७५ साली या टापूतील कुणब्यांनी कागद जाळला, कारण तो वाचून दाखवणारा विश्वासाचा माणूस त्यांच्याजवळ नव्हता. आज गावागावांत वाचता येणारी मुले आहेत. त्यांतल्या एकाने शेजारच्या घरी आलेली नोटीस मुदत संपण्यापूर्वी उघडून वाचली, तरी या व्यवसायाचा प्रारंभ झाला असे म्हणता येईल.